मुलांसोबत घरची उपासना: सुरुवात कुठून करायची

शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग, सुटली की एखादी तरुण आई वर्गाच्या दाराशी घुटमळत उभी राहते. मूल तीन-चार वर्षांचं झालेलं असतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी सगळ्या मंडळीसमोर तिनं आणि नवऱ्यानं वचन दिलेलं असतं की या बाळाला आम्ही प्रभूच्या शिक्षणात वाढवू. ते वचन तिला आठवतं आणि ती हळूच विचारते, "बाई, घरी नेमकं करायचं तरी काय?"

हा लेख तिच्यासाठी आहे. ज्यांच्या आईवडिलांच्या घरी रोज प्रार्थना व्हायची, पण शहरात वेगळं बिऱ्हाड केल्यावर ती मोडली, त्यांच्यासाठीही आहे. आणि जे स्वतःच पहिल्या पिढीत विश्वासात आलेत, ज्यांनी असं घर लहानपणी पाहिलेलंच नाही, त्यांच्यासाठी तर खास आहे. मी नगर जिल्ह्यात वाढले, लग्नानंतर पिंपरी-चिंचवडला आले. आमची मंडळी उत्तर भारत मंडळीतली (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), उपासना मराठीत. त्यामुळे माझी उदाहरणं तिथली आहेत. वसईकडच्या कॅथलिक घरांत संध्याकाळची रोझरी असते, तिथली रीत वेगळी, पण खाली सांगितलेलं बरंचसं तिथेही लागू पडेल.

वीस वर्षं लहान मुलांचा वर्ग घेतल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. घरची उपासना मोडते ती बहुतेक वेळा एकाच कारणानं: मोठी माणसं बोलतात आणि मुलं नुसती बसून ऐकतात. मुलाला त्यात काम द्या. दोन वर्षांच्या बाळालाही देता येतं. ज्या गोष्टीत आपलं काम आहे ती गोष्ट मूल सोडत नाही, उलट आपण विसरलो तर तेच आठवण करून देतं.

आधी वेळ ठरवा

दहा मिनिटं पुरेत. अगदी लहान मूल असेल तर पाच. नव्या उत्साहात अर्धा तास ठरवणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि बहुतेकांचं तिसऱ्या आठवड्यात थांबलेलंही पाहिलं आहे.

वेळ घड्याळाला बांधू नका, रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. आमच्या माहेरी दिवेलागणीला प्रार्थना व्हायची, कारण तेव्हा वडील शेतातून परतलेले असायचे. शहरात दिवेलागणीला आपण ट्रॅफिकमध्ये असतो. आमच्याकडे ती वेळ रात्रीच्या जेवणाआधीची ठरली: कुकर उतरवला, गॅस बंद केला, की सतरंजी. जेवणानंतरची वेळ ठेवली होती तेव्हा धाकटी पेंगायची आणि थोरला चिडचिड करायचा. तुमच्या घरात सकाळी शाळेच्या बसआधीची पाच मिनिटं निवांत असतील तर ती घ्या.

नवरा किंवा बायको कामाच्या पाळीवर असेल तर जो घरात आहे त्यानं घ्यावी. "ते आले की करू" म्हणून ठेवलं तर होत नाही. प्रार्थना बापानंच घ्यायची असं काही घरांत धरून बसतात, पण पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा त्याच्या आजीचं, लोईसचं, आणि आईचं, युनीकेचं नाव घेतो. त्याचा बाप ग्रीक होता, आणि या विश्वासाच्या आठवणीत त्याचा उल्लेखही नाही. एकट्या आईनं किंवा आजीनं वाढवलेला विश्वास काही कमी पडत नाही.

जागा एकच ठेवा. देवासाठी वेगळी खोली लागत नाही, सतरंजी पुरते. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. फोनवर बायबल वाचायची सवय असेल तरी मुलांसमोर कागदाचंच पुस्तक उघडा. आई फोनकडे पाहते आहे म्हणजे काय पाहते आहे हे मुलाला कळत नाही. पुस्तक उघडलं की कळतं.

आणि इथेच पहिलं काम: सतरंजी अंथरायची ती सगळ्यांत धाकट्यानं. वाकडीतिकडी अंथरली तरी सरळ करू नका.

त्या दहा मिनिटांत काय असावं

एक गीत, शास्त्रातली एक छोटी गोष्ट किंवा चार-पाच ओळी, थोडं बोलणं, आणि प्रार्थना. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. एवढंच. क्रम रोज तोच राहू द्या, मुलांना ठरलेला क्रम आवडतो.

प्रभूची प्रार्थना मुद्दाम शिकवायला बसू नका. मोठ्यांनी रोज सावकाश म्हटली की मूल आधी शेवटचं "आमेन" पकडतं, मग "आमची रोजची भाकर", मग हळूहळू बाकीचं. माझी धाकटी तीन वर्षांची असताना "भाकर" हा शब्द आला की स्वयंपाकघराकडे बोट दाखवायची. ते बरोबरच होतं. आपल्या मराठी शास्त्रात भाकर हा शब्द आला हे आपलं भाग्य आहे, मुलाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

बायबल कोणतं घ्यायचं, हा पुढचा प्रश्न. बायबल सोसायटीची जुनी मराठी आवृत्ती कानाला गोड लागते आणि पाठ करायला तीच चांगली. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" या ओळीची लय दुसऱ्या कशात येत नाही. पण वाचून समजायला मुलांना सोप्या भाषेतली आवृत्ती हवी. मी दोन्ही ठेवते: वाचन सोप्यातून, पाठांतर जुन्यातून. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठी वाचताना अडखळायला होतं. तो अडखळला की लगेच त्याच्या हातून पुस्तक काढून घेऊ नका. एकच ओळ त्याची ठेवा, रोज एकच. वर्षभरात त्याचं मराठी वाचनही सुधारतं, हे मी माझ्या थोरल्यात पाहिलं आहे.

बायबलमधल्या मोठ्या शब्दांसाठी घरातलं उदाहरण शोधून ठेवा. पश्चात्ताप म्हणजे काय? आपण चुकीच्या बसमध्ये बसलो, नुसतं वाईट वाटून भागत नाही, उतरून उलट दिशेची बस धरावी लागते. कृपा म्हणजे? मागितलंही नव्हतं, मिळण्यासारखं काही केलंही नव्हतं, तरी आजीनं जवळ घेतलं. अशी उदाहरणं तुमच्या घरातलीच असावीत, माझी उचलू नका.

गोष्ट सांगताना

सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला गोष्ट वाचून दाखवू नका, सांगा. आधी स्वतः दोनदा वाचा, मग पुस्तक मांडीवर उघडं ठेवून आपल्या शब्दांत सांगा. पुस्तक उघडं ठेवायचं अशासाठी की ही आईच्या मनातली गोष्ट नाही, इथून आलेली आहे, हे मुलाला दिसावं.

सुरुवात पुष्कळजण उत्पत्तीपासून करतात आणि लेवीयापाशी अडकतात. मी येशूच्या गोष्टींपासून सुरू करते, कारण त्या आपल्या घरात आणि शिवारात आधीच पडलेल्या आहेत. प्रभूनं ज्या वस्तू हातात घेऊन दृष्टान्त सांगितले त्यांतल्या निम्म्या तरी आपल्या स्वयंपाकघरात सापडतात.

मोहरीच्या दाण्याचा दृष्टान्त सांगायचा असेल तर मसाल्याचा डबा आणा. एकच दाणा मुलाच्या तळहातावर ठेवा आणि म्हणा, मूठ मिटून बस, सांडू देऊ नकोस. गोष्ट संपेपर्यंत त्याचं सगळं लक्ष त्या दाण्यात असतं. हरवलेल्या नाण्याची गोष्ट, लूकच्या पंधराव्या अध्यायातली: बाईकडे दहा नाणी, एक हरवतं, ती दिवा लावते, घर झाडते, सापडलं की शेजारणींना बोलावते. दहा रुपयांचं नाणं पलंगाखाली आधी टाकून ठेवा, घरातले दिवे मालवा, मुलाच्या हाती टॉर्च आणि केरसुणी द्या. नाणं सापडल्यावर जो आरडाओरडा होतो ना, तोच त्या दृष्टान्ताचा अर्थ आहे. त्यावर वेगळं प्रवचन नको. फक्त सांगा, देवाला आपण सापडलो की असा आनंद होतो.

पेरणाऱ्याचा दृष्टान्त गावी गेल्यावर बांधावर उभं राहून सांगा. वाट, मुरमाड जमीन, काटेरी झुडपं, काळी माती, चारही एका नजरेत दिसतात. हरवलेलं मेंढरू सांगायचं तर दिवाळीनंतर पुणे-नगर रस्त्याला धनगरांचे कळप दिसतात तेव्हा गाडी कडेला घ्या. शंभर मेंढरांतलं एक नाहीसं झालं तर त्या मेंढपाळाला कळत असेल का, हे मुलाला विचारा, आणि जमलं तर त्या मेंढपाळालाच विचारा. वादळ शांत केल्याची गोष्ट मार्कच्या चौथ्या अध्यायात आहे, त्यात येशू नावेत उशी घेऊन झोपलेला असतो. ती उशी मुलांना फार आवडते. एकानं उशी घेऊन झोपायचं, बाकीच्यांनी चादर हलवून लाटा करायच्या, आणि झोपलेल्यानं उठून "उगा राहा, शांत हो" म्हणायचं. ही गोष्ट आमच्या घरी किती वेळा झाली त्याची गणती नाही.

मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की मार्काचं शुभवर्तमान सलग वाचा. सोळा अध्याय आहेत, चार शुभवर्तमानांत सर्वांत लहान. रोज अर्धा अध्याय घेतला तरी महिन्याभरात होतं, आणि एक अख्खं पुस्तक आपण घरात पूर्ण केलं याचं मुलांना फार अप्रूप वाटतं.

काही गोष्टी मात्र झोपायच्या वेळी लहानग्यांना सांगू नयेत. अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगरावर जातो ती, मिसरातल्या प्रथम जन्मलेल्यांची. लपवून ठेवायच्या म्हणून नाही. त्या गोष्टींवर मुलाला पुष्कळ विचारायचं असतं आणि रात्री साडेनऊला आपल्यात उत्तरं द्यायची ताकद नसते. वधस्तंभाची गोष्ट सांगावी, गुळगुळीत न करता सांगावी, पण चार वर्षांच्या मुलाला शुक्रवारी थांबवू नका. त्याच बैठकीत रविवारची पहाट आणि उघडी कबरही सांगा. मोठ्या मुलांना दोन दिवस वाट पाहता येते, लहानाला येत नाही.

प्रार्थना: मुलाच्या तोंडची भाषा

आपण देवाला "तू" म्हणतो. आईलाही "तू" म्हणतो. मराठी मुलाला देवाशी बोलायला याहून मोठी मोकळीक कोणती हवी? पण आपणच प्रार्थनेला बसलो की "हे दयाघन सर्वसमर्थ परमेश्वरा" असं सुरू करतो आणि मुलाला वाटतं, ही वेगळी भाषा आहे, ही मला येत नाही. उपासनेतली गंभीर भाषा चर्चमध्ये शोभते, तिथे ती हवीच. घरी मात्र जसे बोलता तसेच बोला.

सुरुवातीला मुलाकडून एकच वाक्य घ्या: आज कशाबद्दल देवाला थँक्यू म्हणशील? पहिले काही महिने आंबा, डोरेमॉन आणि शाळेला मिळालेली सुट्टी एवढंच येईल. येऊ द्या. मग पुढे कधीतरी "आज माझं काय चुकलं" हे आणा, पण ते आधी तुम्ही म्हणा. मग दुसऱ्यासाठी मागणं: वर्गातला आजारी मित्र, कामवाल्या मावशींचा मुलगा, वॉचमन काका. हे मुलाचं दुसरं काम. रोज एका माणसाचं नाव त्यानं ठरवायचं. आमच्याकडे दारामागे एक कागद आहे, त्यावर थोरला नावं लिहायचा, आता धाकटी लिहिते.

दोन गोष्टी कळकळीनं सांगते. पाहुण्यांसमोर मुलाला "प्रार्थना करून दाखव" असं म्हणू नका. आणि प्रार्थनेतून मुलाला टोमणे मारू नका. "हे प्रभू, याला अभ्यास करायची बुद्धी दे, आईचं ऐकायची बुद्धी दे" हे मुलाला बरोबर कळतं. तुम्ही देवाशी बोलत नसून त्यालाच बोलत आहात हे तो ओळखतो, आणि पुढच्या वेळी डोळे मिटताना तो सावध असतो. त्याचा अभ्यास तुम्हाला खरंच देवापुढे ठेवायचा असेल तर तो झोपल्यावर ठेवा.

मी स्वतः याहून मोठी चूक केली आहे. थोरला तिसरीत असताना गणिताच्या वहीवरून मी त्याच्यावर हात उगारला, खूप बोलले, आणि पाचच मिनिटांत सतरंजीवर बसून "चला, डोळे मिटा" म्हटलं. त्यानं डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. मला गीत सुरू करता येईना. शेवटी मी त्याला म्हटलं, "माझं चुकलं रे. वहीसाठी एवढं बोलायला नको होतं." त्या दिवशी वाचन झालं नाही, गीत झालं नाही. पण पौलानं बापांना लिहिलेलं "आपल्या मुलांना चिरडीस आणू नका" हे वाक्य मला त्या रात्री पहिल्यांदा आईसाठीही ऐकू आलं. त्यानंतर आमच्या घरात एक नियम आहे: कुणाशी भांडण झालं असेल तर आधी ते मिटवायचं, मग सतरंजी.

प्रार्थना करूनही आजोबा गेले, तर? मूल हे विचारतं. "देवानं चांगल्या माणसांना बोलावून घेतलं" असं सांगू नका, मग त्याला चांगलं व्हायचीच भीती वाटते. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, हे सांगा. त्याला पुढे काय करायचं आहे हे ठाऊक असूनही रडला. आपणही रडू या. आणि पुनरुत्थानाची आशा आपल्याला आहे, तीही सांगा, तुमचा स्वतःचा तिच्यावर जेवढा भरवसा आहे तेवढ्या आवाजात.

गीत हे सगळ्यांत मोठं धन आहे

या बाबतीत मराठी ख्रिस्ती माणूस श्रीमंत आहे आणि ते आपण विसरत चाललो आहोत. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्स यांचं मराठी ओवीबद्ध पुराण छापलं गेलं, म्हणजे येशूचं चरित्र आपल्या ओवीत येऊन चारशे वर्षं उलटली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या चोवीस वर्षांत जी अभंग-भजनं लिहिली ती आजही 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून आपण गातो. कीर्तन, टाळ, ढोलकी, पेटी हे सगळं आपल्या मंडळ्यांत आहे. मुलांच्या कानावर मात्र मोबाइलवरची इंग्रजी आणि हिंदी गाणीच जास्त पडतात. तीही गोड आहेत. पण आजी आणि नातू मिळून म्हणू शकतील असं एक तरी गीत घरात असायला हवं, नाहीतर एका सतरंजीवर बसून दोघं परके होतात.

महिन्याला एक मराठी गीत घ्या. पहिला आठवडा फक्त ध्रुवपद, मग दर आठवड्याला एक कडवं. चाल येत नसेल तर मंडळीतल्या एखाद्या जुन्या बाईला फोनवर म्हणायला सांगा आणि रेकॉर्ड करून ठेवा. त्या आनंदानं देतात, आणि त्या गेल्या की त्या चाली कुठे मिळणार नाहीत. वर्षाला बारा गीतं झाली, मूल दहावीला जाईपर्यंत शंभराच्या वर.

टाळ मुलाच्या हातात द्या. ठेका चुकेल, आवाज फार होईल, शेजारी विचारतील. तरी द्या. अवघ्या चार वर्षांचं पोर टाळ वाजवायला मिळतो म्हणून रोज पळत येतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाला बोलताना अडखळायला व्हायचं, तो प्रार्थनेत कधी तोंड उघडत नसे. अभंग मात्र न अडखळता म्हणायचा. त्याच्या आईला मी सांगितलं, घरी प्रार्थनेच्या जागी तो कडवंच म्हणू दे. त्याची प्रार्थना तीच आहे.

रविवार

रविवारची तयारी शनिवारी रात्री. कपडे, बूट, पाण्याची बाटली, अर्पणाचं नाणं. सकाळी घाईघाईत ओरडून मुलाला चर्चला नेलं तर ते चर्चचा संबंध त्या ओरडण्याशी जोडतं.

लहान मूल घेऊन मागच्या बाकावर बसू नका, पुढे बसा. मागून त्याला फक्त पाठी दिसतात. पुढे बसलं की पाळकसाहेब, वेदी, प्रभुभोजनाचा प्याला, गायकवर्ग दिसतो. रडलं तर उठून बाहेर जा, शांत झालं की परत या, आणि कुणी वळून पाहिलं तर मनाला लावून घेऊ नका. "बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या" हे प्रभूनं मोठ्यांना रागावून सांगितलं होतं.

अर्पणाचं नाणं चर्चमध्ये थाळी आल्यावर घाईत हातात कोंबू नका. घरीच द्या, आणि शक्यतो मुलाच्याच पैशांतलं असू द्या. दहा रुपये खाऊचे मिळाले तर एक रुपया वेगळ्या डबीत, हे सहा वर्षांच्या मुलाला सहज जमतं. मिझोराममध्ये ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाच्या वेळी दर खेपेला एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. ते ऐकल्यापासून आमच्याकडे तांदळाच्या डब्याशेजारी एक छोटा डबा आहे. मूठ धाकटीची, कारण तिची मूठ लहान आहे म्हणून नव्हे, तिनं ते काम मागून घेतलं म्हणून. कापणीच्या सणाला तो तांदूळ आम्ही नेतो.

वर्षाचे सण

आगमनकाळाचे चार रविवार, नाताळ, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे उपवासाचे चाळीस दिवस (रविवार त्यात धरत नाहीत), झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, पुनरुत्थानाची पहाटेची उपासना. या दिवसांना मुलं आपोआप ओढली जातात, तेव्हा थोडक्यात सांगते. चांदणी विकत आणण्याआधी एकदा कामट्या आणि पतंगाचा कागद आणून घरी करून पाहा. फराळाची ताटं शेजारी पोचवण्याचं काम मुलांचं. गव्हाणीत बाळ येशूची मूर्ती ठेवत असाल तर चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत ती रिकामी ठेवा आणि बाळ ठेवायचा मान घरातल्या सर्वांत लहानाला द्या. उपवासकाळात मुलानं काय सोडावं हे तुम्ही ठरवू नका. त्यानं "मी आठ दिवस कार्टून पाहणार नाही" म्हटलं तर आठच दिवस, पण आपणही आपलं काहीतरी सोडलं आहे हे त्याला दिसू द्या.

शेजार, शाळा आणि "आपण वेगळे का?"

सोसायटीत गणपती बसतो, शाळेत सरस्वतीपूजन असतं, मित्राची आई प्रसाद देते. मुलाला काय सांगायचं? इथे ख्रिस्ती घरांत एकमत नाही. काही घरं प्रसाद घेत नाहीत, काही प्रेमानं दिलेलं म्हणून घेतात. मूर्तीपुढं ठेवलेल्या अन्नाबद्दल पौलानं करिंथच्या मंडळीला सविस्तर लिहिलं आहे, पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात. नवराबायकोनं ते एकत्र वाचावं, आपल्या पाळकांशी बोलावं आणि एक काय ते ठरवावं. मुलाला एका घरात दोन उत्तरं मिळू नयेत. नाही म्हणायचं ठरलं तर नम्रपणे कसं म्हणायचं तेही घरी बोलून पाहा: "काकू, आमच्याकडे घेत नाहीत, पण मी खेळायला येऊ ना?" आणि एक गोष्ट कुठल्याही घरात ठाम असावी. दुसऱ्याच्या देवाची, पूजेची टिंगल मुलाच्या तोंडून कधी निघता कामा नये. ती आपल्या तोंडून निघाली नाही तरच त्याच्या तोंडून निघणार नाही.

घरातले आजीआजोबा हिंदू किंवा बौद्ध असतील, तुम्हीच पहिल्या पिढीचे असाल, तर मुलाला त्यांच्यापासून तोडू नका. पाया पडण्यावरून, घरच्या पूजेवरून प्रश्न येतील, ते तुम्ही आणि तुमच्या आईवडिलांनी बोलून सोडवा. मुलाच्या खांद्यावर ते ओझं नको. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी, स्वतःच्या मनानं, विश्वास स्वीकारला. एका घरात माणसं वेगवेगळ्या वेळी पोचतात.

"आपण वेगळे का?" या प्रश्नाला सर्वांत खरं उत्तर म्हणजे आपल्या घराण्याची गोष्ट. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांच्या मनावर देवाचं वचन बिंबव, घरी बसता, वाटेनं चालता, निजता, उठता त्याविषयी बोल, असं सांगितलं आहे. त्याच अध्यायात पुढे आहे की मुलगा विचारील या आज्ञांचा अर्थ काय, तेव्हा त्याला सांग, आम्ही मिसर देशात दास होतो. म्हणजे मुलाच्या प्रश्नाला देवानं नियमानं उत्तर द्यायला सांगितलं नाही, आठवणीनं द्यायला सांगितलं.

आमच्या नगर भागातल्या कितीतरी घरांची आठवण अशीच आहे. ज्यांना गावच्या पाणवठ्याला हात लावू देत नव्हते, त्यांच्या पोरांना मिशनच्या शाळेत पाटी मिळाली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात कुणाला भाकर मिळाली, कुणी पुढच्या काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलं, कुणी बोर्डिंगात शिकून मास्तर झालं. ती गोष्ट लाजून झाकायची नाही. पणजोबांचं नाव, गाव, ते कुणाच्या तोंडून शुभवर्तमान ऐकून आले, घरात पहिलं बायबल कुणी आणलं, हे सगळं मुलाला नावानिशी सांगा. ठाऊक नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना आत्ताच विचारा, आणि विचारायचं काम मुलाला द्या, वही घेऊन. परदेशात असाल तर रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीला बोलवा. पहिल्या पिढीचे असाल तर ती गोष्ट तुमचीच आहे, तुम्ही कसे आलात ते सांगा.

मोठी झालेली मुलं

तेरा-चौदाव्या वर्षी एक दिवस मुलगा म्हणतो, मला नाही बसायचं. घाबरू नका, आणि हात धरून बसवू नका. त्याचं काम बदला. सतरंजी आणि टाळ ही आता त्याची कामं राहिली नाहीत. आठवड्यातून एक दिवस उपासना त्यानं घ्यायची, त्याला हवी तशी. माझ्या थोरल्यानं पहिल्या वेळी गिटार आणली, आणि पुढच्या वेळी मार्काचा एक उतारा वाचून सरळ विचारलं, "आई, तुला हे खरंच पटतं?" त्या रात्री आम्ही जेवायला दहा वाजता बसलो. सगळी उत्तरं माझ्याकडे नव्हती, तसं मी सांगितलं. शंका घेणाऱ्या थोमाला प्रभूनं हाकलून दिलं नाही, हात पुढे केला, एवढं मात्र म्हणाले. दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गाला तो दोन वर्षं उशिरा गेला, आपल्या पायांनी गेला.

खंड पडला तर

पडेल. परीक्षा, आजारपण, गावचं लग्न, पाहुणे. आठ दिवस, कधी महिनाही जाईल. राहिलेले दिवस भरून काढायला बसू नका, आणि "आपल्या घरात आता प्रार्थनाच होत नाही" असं मुलांसमोर म्हणू नका. ज्या दिवशी आठवलं त्या दिवशी, जिथे सोडलं होतं तिथून. सतरंजी कपाटात वर ठेवू नका, धाकट्याचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर ठेवा. आमच्याकडे दोनदा असं झालं की आम्ही मोठे विसरलो होतो, आणि कुकर उतरवून वळले तर ती अंथरलेली होती.